काळी, पांढरी आणि नदीचा काठ

(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

आपल्या गावगाड्यात जमिनीची वाटणी फार जुन्या काळापासून दोन शब्दांनी होत आली आहे. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. शेताची माती काळी असते. गावठाणात मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती साचते. त्यामुळे तेथील माती पांढरट होते, म्हणून ती पांढरी. नदीकाठच्या गावांस याखेरीज तिसरीही एक जमीन असते. पावसाळ्यात नदी जिच्यावर चढते आणि उतरताना गाळ टाकून जाते, ती मळई. भूगोलाच्या पुस्तकात हिलाच पूरमैदान म्हटलेले असते. काळी शेतकऱ्याची, पांढरी गावाची, तशी मळई नदीची होय.

या तिन्ही जमिनी एकमेकींपासून कशा निराळ्या झाल्या, हे मुलांस समजावून देणे हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. पाठ्यपुस्तकातील नकाशात नदी ही एक निळी रेघ असते. ती रेघ वर्षानुवर्षे तशीच छापली जात असल्यामुळे नदी व तिचे काठ अनादिकाळापासून आहेत तेथेच आहेत, अशी मुलांची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे, एवढेच नव्हे तर धोक्याची आहे. जो नदीचा काठ स्थिर मानतो, तो घर बांधताना आणि शाळा बांधताना फसतो.

पाठाचे हेतू

१. नदीचा काठ हजारो वर्षांत बांधला गेला आणि कापलाही गेला, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहून ओळखावे.
२. या घडामोडीत पाऊसमान व माणूस या दोहोंचा हात आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते दोन्ही हात एकत्र चालले आहेत, हे त्यांच्या ध्यानात यावे.
३. आपल्या गावातील कोणती जमीन अजूनही नदीच्या चालू वहिवाटीत आहे, हे त्यांना सांगता यावे.

दरडीचे वाचन

घोड, प्रवरा, भीमा, गोदावरी या नद्यांच्या काठी कित्येक ठिकाणी पात्रालगत मातीची उभी दरड दिसते. तिची उंची काही जागी १० ते २० मीटर भरते. दरड खालून वर वाचावयाची असते, कारण जो थर खाली तो आधीचा. साधारणतः तळाशी काळा खडक असतो. त्यावर गोल गोट्यांचा थर असतो आणि तो चुन्याने इतका घट्ट बांधलेला असतो की पहारीनेही सहज फुटत नाही. त्यावर वाळू, मग पिवळसर तपकिरी पोयटा आणि त्यात चुनखडीचे पांढरे खडे. सर्वांत वर काळी माती.

हे थर वाचण्याची किल्ली एकच आहे. वेगाचे पाणी मोठे दगड वाहून नेते, संथ पाणी बारीक गाळ तेवढा नेते. गोट्यांचा थर जोरदार प्रवाहाची साक्ष देतो, बारीक पोयटा काठावर पसरून थबकलेल्या पाण्याची साक्ष देतो. एवढी किल्ली हाती आली म्हणजे चौथीतील मूलही दरडीसमोर उभे राहून नदीचा पूर्वेतिहास सांगू लागते.

या थरांत पाण्याची साक्ष आहे, तशी प्राण्यांची आणि माणसांचीही आहे. गोदावरी व घोड यांच्या जुन्या गाळात रानबैल व हत्ती यांची अश्मीभूत हाडे सापडली आहेत. प्रवरेच्या काठी नेवासे येथे प्रा. ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथे नदीच्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. म्हणजे हे गोटे नदी वाहून आणीत होती, तेव्हा माणूस तिच्या काठी वावरत होता. मात्र त्या माणसाने नदीचे काही बदलले नव्हते. तो तिच्या काठचा पाहुणा होता.

आता मुलांपुढे एक कोडे ठेवावे. आजचा नेहमीचा पूर दरडीच्या माथ्यापर्यंत चढत नाही, मग तेथवर नदीचा गाळ आला कसा? मुले प्रथम सांगतील की पूर्वी पूर फार मोठे येत असतील. हे उत्तर ऐकून घ्यावे, पण त्यावर थांबू नये. खरे उत्तर असे की त्या काळी नदीचा तळच आजच्यापेक्षा उंच होता. तो उंच कसा झाला आणि पुढे खाली कसा गेला, हे कळण्यासाठी पावसाकडे वळले पाहिजे.

पावसाचा हात

नदीला दोन कामे असतात, पाणी वाहणे आणि ओझे वाहणे. ओझे म्हणजे डोंगरउतारावरून येणारे दगड, वाळू व माती. ओझे शक्तीपेक्षा अधिक झाले की नदी ते वाटेत टाकते आणि तिचा तळ चढत जातो. शक्ती ओझ्यापेक्षा अधिक झाली की ती आपलाच तळ खरवडते आणि खोल जाते. यावरून एक गोष्ट निघते, ती प्रथम ऐकताना उलटी वाटेल. पाऊस दुबळा झाला म्हणजे आपल्याकडील नदीचा तळ चढतो आणि पाऊस भरपूर झाला म्हणजे तो कापला जातो. कोरड्या काळात उतारावरील गवत व झाडोरा विरळ होतो आणि अधूनमधून कोसळणारी एखादी सर उघडी माती ओढून आणते. नदीला मात्र बारमाही जोर नसतो, म्हणून ती माती पुढे समुद्रापर्यंत जात नाही. ओल्या काळात उतार हिरवे राहतात, माती कमी येते आणि पाणी पुष्कळ येते.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवर शेवटचे हिमयुग ऐन भरात होते. महाराष्ट्रात बर्फ नव्हते, पण आपला मोसमी पाऊस त्या काळात दुबळा झाला होता. कोरड्या काळाचा पुरावा जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे मिळतो. तेथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली आणि त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले. शहामृग हा उघड्या, कोरड्या माळरानाचा पक्षी होय. अशा काळात आपल्या नद्यांनी आपली पात्रे गाळाने भरून काढली.

पुढे हिमयुग सरले. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सध्याचे उबदार युग सुरू झाले आणि मोसमी पाऊस पुन्हा जोमाने पडू लागला. नद्यांनी स्वतःच साठविलेला गाळ कापून काढला आणि त्या खाली उतरल्या. जुने पूरमैदान उंचावर कोरडे राहिले. त्याच्या माथ्यावर काळी माती झाली आणि पुढे त्यावर शेते आली. आज आपण ज्याला नदीचा उंच काठ म्हणतो, तो नदीने सोडून दिलेला तिचा जुना मजला आहे. हल्लीची मळई तिच्या खालच्या मजल्यावर आहे. हा भेद पाठाचा कणा समजावा.

पाऊस त्यानंतरही एकसारखा राहिला नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळाचा गाळ शास्त्रज्ञांनी लांब नळीने बाहेर काढून थराथराने तपासला. सरोवर आटत जाते तेव्हा त्याच्या खाऱ्या पाण्यातून क्षारांचे विशिष्ट स्फटिक गाळात तयार होतात. ते ज्या थरांत आढळले, त्यांवरून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी येथे दीर्घकाळ अवर्षण होते असे निष्पन्न झाले. पुढे सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीही पाऊस पुष्कळ काळ उणा राहिला. दुष्काळ ही अलीकडची गोष्ट नव्हे, हे मुलांस येथे सांगावे.

नांगराचा हात

सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून आपल्या नद्यांच्या काठी शेतकरी स्थायिक झालेले दिसतात. प्रवरेकाठी संगमनेरजवळचे जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद व नेवासे, आणि घोडकाठी शिरूर तालुक्यातील इनामगाव ही त्यांची ठिकाणे. जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्या गावावरून या संस्कृतीस जोर्वे संस्कृती हे नाव मिळाले. इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ अशी दीर्घकाळ खोदाई केली.

या लोकांनी वस्तीसाठी जागा कोणती निवडली, ते पाहण्याजोगे आहे. त्यांनी वस्ती केली ती नदीने सोडून दिलेल्या वरच्या मजल्यावर. पाणी जवळ, पण नेहमीच्या पुराची पोच कमी. आजही अशा ठिकाणी राखट मातीची टेकाडे दिसतात आणि त्यांत रंगीत खापरे मिळतात. गावकरी त्यांना पांढरीचे टेकाड म्हणतात आणि संशोधकांनीही तोच शब्द उचलला आहे. आपली आजची कित्येक जुनी गावठाणेही याच हिशेबाने वसलेली आढळतील.

इनामगावचे लोक जव, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ ही पिके घेत. त्यांनी नदीच्या बाजूस दगडमातीचा बांध घातला होता आणि लगत पाट खोदला होता. पुराचे पाणी वळवून शेतास देण्यासाठी हा पाट असावा, असे उत्खनकांचे मत आहे. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच माणूस पाहुणा उरला नव्हता. तो नदीच्या कामात हात घालू लागला होता. रान तोडून शेत केले, उतारावर गुरे चारली, नदीकाठी बांध घातला, म्हणजे नदीच्या ओझ्यात व पाण्यात माणसाचा वाटा पडतो, मग तो कितीही लहान असो.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास प्रवरा व गोदावरी खोऱ्यातील या वस्त्या उठल्या. इनामगाव मात्र इ. स. पूर्व ७०० च्या सुमारापर्यंत टिकले, पण त्याची रया गेली. पूर्वीची मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि शिकारीवर अधिक भर द्यावा लागला. पाऊस घटल्यामुळे असे झाले, असे उत्खनकांनी मांडले. मुलांस हे सांगताना एक पथ्य पाळावे. सगळा दोष पावसावर घालणे सोपे आहे, तसेच सगळा दोष माणसावर घालणेही सोपे आहे. उतार उघडे पडलेले असतील तर कमी पाऊस अधिक नडतो आणि उतार झाकलेले असतील तर तोच पाऊस पुरवून वापरता येतो. हे दोन हात वेगळे काढून दाखविणे पुष्कळदा अशक्य असते.

पुढे सातवाहनांच्या काळात लोखंडी अवजारे घेऊन शेती पुन्हा जोमाने पसरली. नेवासे पुन्हा वसले. पैठण, तेर, जुन्नर ही नगरे भरभराटीस आली. त्या काळापासून नांगर नदीकाठावरून हळूहळू उतारांवर चढत गेला.

माणसाचा हात जेथे स्पष्ट दिसतो

आपल्या नद्या कठीण खडकावरून व खोल पात्रांतून वाहतात, म्हणून त्यांच्या काठी माणसाचा हात ओळखण्यास सराव लागतो. तो हात ढळढळीत दिसावा यासाठी एक परदेशी उदाहरण वर्गात घ्यावे. चीनमधील ह्वांग हो, म्हणजे पिवळी नदी, वाऱ्याने आणून टाकलेल्या मऊ पिवळ्या मातीच्या विस्तीर्ण पठारातून येते. प्राचीन चिनी लेखनात तिचा उल्लेख नुसता ‘नदी’ असा असे. ‘पिवळी’ हे विशेषण तिला हान राजवटीच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, लागलेले आढळते. पठारावरील रान तुटले, नांगर उतारावर चढला आणि नदीत माती अधिकाधिक येऊ लागली.

खालच्या मैदानात लोकांनी पुरापासून बचावासाठी दोन्ही काठांना मातीचे बांध घातले. माती पसरण्यास जागा न उरल्याने ती पात्रातच साचली आणि तळ चढला. मग बांध आणखी उंच करावे लागले आणि तळ आणखी चढला. असे होता होता नदीचा तळ आजूबाजूच्या शेतांहून उंच झाला. अशा नदीचा बांध फुटला म्हणजे ती परत पात्रात येत नाही. ११२८ मध्ये युद्धात शत्रूस अडविण्यासाठी चिनी अधिकाऱ्यांनीच बांध फोडला आणि नदी दक्षिणेकडे वळली. १८५५ मध्ये ती पुन्हा फुटून उत्तरेस गेली आणि तिचे मुख शेकडो किलोमीटर दूर सरकले. वरच्या उतारावरील नांगर आणि खालच्या मैदानातील महापूर यांची अशी गाठ असते.

बंधारा, धरण आणि वाळू

आपल्या माणसांचा हातही नेहमी हानीच करीत आला, असे मात्र नव्हे. धुळे व नाशिक भागात पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर कित्येक पिढ्यांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर ठेंगणा बंधारा घालावयाचा, पाटाने पाणी काढावयाचे, शेतांचे फड पाडावयाचे आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे. असा बंधारा नदी अडवून धरीत नाही. पुराचे पाणी त्याच्या माथ्यावरून निघून जाते. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी बांधबंदिस्ती व पाझर तलावांची कामे केली. त्यांनी उतारावरची माती उतारावरच धरून ठेवण्यास साहाय्य केले.

मोठ्या धरणांनी मात्र नदीचा स्वभावच पालटला. प्रवरेवर भंडारदरा येथे १९२६ मध्ये, गोदावरीवर पैठण येथे १९७६ मध्ये आणि भीमेवर उजनी येथे १९८० मध्ये धरण पुरे झाले. धरणांनी पाणी दिले, वीज दिली, दुष्काळी मुलखास ऊस दिला. त्याचबरोबर नदीचा गाळ जलाशयात अडकला. खाली सुटणारे पाणी निवळ असते आणि ओझे नसलेले पाणी तळ व काठ खरवडते. शिवाय लहान पूर धरणात सामावले जातात. पाच-दहा वर्षे मळईवर पाणी आले नाही की तेथे वेडी बाभूळ माजते, मग कुंपण पडते, मग पत्र्याची शेड उभी राहते. नदी माणसाळली असे लोकांस वाटू लागते. परंतु धरण भरलेले असताना अतिवृष्टी झाली म्हणजे मोठे पाणी सोडावेच लागते, आणि त्या दिवशी नदी आपल्या खालच्या मजल्यावर परत येते.

वाळूचेही असेच आहे. नदीतील वाळू ही पाणी मुरविणारी व साठविणारी चादर आहे. नदीने ती फार दीर्घ काळात अंथरली. ती यंत्राने उपसून नेली म्हणजे पात्र खोल जाते, काठच्या विहिरींचे पाणी उतरते, पुलांचे पाये उघडे पडतात आणि दरडी कोसळतात. नदी खोल जाण्याचे जे काम पूर्वी पावसाने हजारो वर्षांत केले, ते आता काही वर्षांत होत आहे.

मळईवर हक्क कोणाचा?

येथवरचा पाठ मुलांच्या ज्ञानात भर घालील. पण आम्हा शिक्षकांवर याहून मोठी जबाबदारी आहे. शाळेची नवी खोली, अंगणवाडी, किचनशेड यांसाठी जागा शोधताना गावठाणात जागा नसते, म्हणून ओढ्याकाठची किंवा नदीकडेची मोकळी जमीन पुढे येते. ती मोकळी का राहिली, हे विचारावयास कोणी थांबत नाही. जुन्या लोकांनी ती नदीसाठी सोडलेली असते.

आपल्या राज्यात पाटबंधारे खाते नद्यांच्या दोन पूररेषा आखते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आधारे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आधारे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असते, निळ्या व लाल रेषांमध्ये ते नियंत्रित असते. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. पूर गेल्या वर्षी येऊन गेला, आता २५ वर्षे निश्चिंती, असे नव्हे. त्याचा अर्थ असा की तो पूर येण्याचा संभव दर वर्षी शंभरात चार इतका असतो.

हिशेब करून पाहावा. मूल पहिलीत आले आणि आठवीपर्यंत त्याच शाळेत राहिले, तर त्या आठ वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याचा संभव शंभरात २८ इतका निघतो. शाळेची इमारत ५० वर्षे उभी राहावयाची असेल, तर तिच्या आयुष्यात तो येण्याचा संभव शंभरात ८७ आहे. म्हणजे निळ्या रेषेवर बांधलेल्या शाळेत पाणी शिरेल का, हा प्रश्नच उरत नाही. ते कधी शिरेल आणि तेव्हा मुले आत असतील का, एवढाच प्रश्न उरतो.

हा हिशेबही जुन्या पावसावर बेतलेला आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले आहे. हवा तापली म्हणजे तिच्यात बाष्प अधिक मावते, आणि ते कोसळते तेव्हा थोड्या वेळात पुष्कळ कोसळते. पाऊसमानावर माणसाचा हात आता असा आडवाटेनेही पडत आहे. सांगली येथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्यानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडेही लक्ष वेधले. इनामगावाप्रमाणे येथेही दोन हात एकत्र चाललेले दिसतात, पाऊस पडण्यात आणि पाण्याची वाट अडण्यात.

मुख्याध्यापक हे शाळा व्यवस्थापन समितीचे सचिव असतात. जागेचा ठराव समितीपुढे येईल तेव्हा ‘ही जमीन काळी, पांढरी की मळई?’ हा प्रश्न त्यांनी विचारावा आणि उत्तर ठरावात नोंदवावे. जागा फुकट मिळते एवढ्यावर ती स्वीकारू नये.

वर्गातील व नदीवरील काम

पहिला प्रयोग : बरणी. काचेच्या बरणीत खडे, वाळू, पोयटा व काळी माती घालून पाणी भरावे, झाकण लावून हलवावे व ठेवून द्यावे. खडे तत्काळ तळाशी बसतात, मग वाळू, मग गाळ. काळी माती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. वेग व गाळ यांचा संबंध येथे उमगतो.

दुसरा प्रयोग : परात. मोठ्या परातीत ओली वाळू थापून ती एका बाजूने किंचित उचलावी. वरच्या टोकास बारीक धारेने गढूळ पाणी सोडावे. गाळ साचून पसरतो व ‘तळ’ चढतो. नंतर तांब्याने निवळ पाणी जोराने सोडावे. पाणी त्याच गाळातून घळ कापते आणि दोन्ही बाजूंस पायऱ्या उरतात. वरचा मजला व खालचा मजला मुलांस डोळ्यांनी दिसतो.

तिसरा प्रयोग : झारी. दोन घमेल्यांत सारखी माती भरून एकात गवताची ढेपळे लावावीत, दुसरे उघडे ठेवावे. दोन्ही तिरपी धरून झारीने सारखे पाणी घालावे आणि खाली येणारे पाणी दोन ग्लासांत धरावे. ग्लासांतील गढूळपणा मुलांनीच तोलावा.

नदीभेट : ही हिवाळ्यातच न्यावी, पावसाळ्यात कदापि नेऊ नये. पालकांची संमती घ्यावी व सोबत गावातील दोन जाणती माणसे असावीत. दरड दुरून पाहावी, तिच्या पायथ्याशी किंवा माथ्याच्या कडेवर मुलांस उभे करू नये. वहीत दरडीचे चित्र काढून थर खालून वर क्रमांकाने लिहावेत. पांढरीच्या टेकाडावर खापरे किंवा हाडे दिसली तर ती उचलू नयेत, खोदू तर नयेच. दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका गावकऱ्यास मिळालेली ब्राँझची शिल्पे आज देशभर प्रसिद्ध आहेत. अशी वस्तू जागची हलली की तिची निम्मी साक्ष नाहीशी होते. काही आढळल्यास तलाठी किंवा तहसीलदार यांस कळवावे.

पूरखुणांची यादी : प्रत्येक गावात पुराची काही ना काही खूण असते. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. आपल्या गावी ती खूण घाटाची पायरी असेल, पार असेल, एखाद्या वाड्याचे जोते असेल. मुलांनी आजी-आजोबांना विचारून कोणत्या वर्षी पाणी कोठवर आले ते लिहून आणावे. दोन-तीन घरांतून एकच खूण आली तर ती पक्की समजावी.

स्वाध्याय

१. दरडीत गोट्यांचा थर खाली व बारीक गाळ वर असेल, तर नदीच्या वेगाविषयी काय सांगता येईल?
२. पाऊस कमी झाल्यावर नदीचा तळ का चढतो?
३. आपल्या गावाचे जुने गावठाण नदीच्या वरच्या मजल्यावर आहे की खालच्या? नवी वस्ती कोठे आहे?
४. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या नदीत किंवा ओढ्यात माणसाने केलेले तीन बदल लिहा. प्रत्येकाने काय साधले व काय बिघडले?
५. शाळेच्या आवाराचा नकाशा काढून त्यात काळी, पांढरी व मळई निरनिराळ्या रंगांनी दाखवा.

पाठ संपल्यावर गावातील सर्वांत मोठ्या ज्ञात पुराची पातळी, सालासह, शाळेच्या भिंतीवर ठळक रेघेने दाखवावी. पाणी शाळेपर्यंत आले नसेल तर तेवढेच, सालासह, लिहावे. हीच नोंद शाळेच्या नोंदवहीत करावी, म्हणजे बदली होऊन येणाऱ्या शिक्षकास ती मिळेल. दर वर्षी रंगसफेदीच्या वेळी ती रेघ झाकली जाणार नाही, याची काळजी मुख्याध्यापकांनी स्वतः घ्यावी.

— शिक्षण विस्तार अधिकारी